शिकाऱ्याच्या रथातून : किशोरवयीनांच्या भयपटांची पोस्टर्स आणि वेष्टने

१

चित्रपटाचे पोस्टर ही चित्रपटसमीक्षेने बहुधा ओलांडून गेलेली वस्तू आहे. ते व्यवसायाचे अंग, म्हणून त्याचा विचार जाहिरातशास्त्राने करावा. ते चित्र, म्हणून त्याचा विचार कलेतिहासाने करावा. समीक्षकाने मात्र थेट संहितेपाशी जावे, अशी एक अलिखित वाटणी झालेली दिसते. पुस्तकाच्या मुखपृष्ठाबाबतही आपल्याकडे याहून वेगळी स्थिती नाही. झेरार जेनेत यांनी 'उंबरठे' अशा अर्थाचे शीर्षक असलेल्या आपल्या १९८७ च्या ग्रंथात शीर्षक, मुखपृष्ठ, प्रस्तावना, मलपृष्ठावरील मजकूर अशा संहितेभोवतीच्या घटकांची पद्धतशीर मांडणी केली, तेव्हापासून या वाटणीला सैद्धांतिक आव्हान मिळाले. परंतु जेनेत यांच्या मांडणीतही उंबरठा हा घराच्या सेवेसाठीच असतो. संहिता मुख्य, बाकी सारे तिचे साहाय्यक, हे त्यांचे गृहीतक आहे.

१९७८ नंतर अमेरिकेत किशोरवयीन प्रेक्षकांना उद्देशून निघालेल्या भयपटांची पोस्टर्स आणि त्याच वर्गासाठी छापलेल्या भयकादंबऱ्यांची मुखपृष्ठे या गृहीतकाला नीट जुमानत नाहीत. 'फ्रायडे द थर्टीन्थ' या चित्रपटाचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. निर्माते-दिग्दर्शक शॉन कनिंगहॅम यांनी १९७९ साली 'व्हरायटी' या व्यवसायपत्रात या चित्रपटाची पानभर जाहिरात दिली. काच फोडून बाहेर येणारी शीर्षकाची अवजड अक्षरे एवढेच तिचे दृश्यरूप होते. त्या वेळी चित्रीकरण सुरू झालेले नव्हते आणि पटकथाही पूर्ण नव्हती. आधी अक्षरांचा आकार, मग त्याला साजेशी गोष्ट, असा हा क्रम आहे. येथे उंबरठा आधी बांधला गेला आणि घर मागाहून उभे राहिले. अशा उंबरठ्याला घराचा सेवक म्हणता येत नाही. तो काय सांगतो आणि घरात जे घडते त्याच्याशी त्याचे नाते काय, हा प्रश्न स्वतंत्रपणे विचारावा लागतो.

२

या पोस्टर्सचे वर्णन करताना भयानक रसाची परिभाषा उपयोगी पडते. भय हा स्थायीभाव. ज्याच्यामुळे भय उपजते तो आलंबन विभाव. ज्याच्या ठायी ते उपजते तो आश्रय. आणि विस्फारलेले डोळे, थरथरणारे हात, कोरडे पडलेले तोंड हे त्याचे अनुभाव. पोस्टरला एकच स्थिर चित्र उपलब्ध असते. त्यामुळे या घटकांपैकी कोणता दाखवायचा आणि कोणता सूचित ठेवायचा, ही निवड त्याला करावीच लागते. या निवडीचा इतिहास हाच या पोस्टर्सच्या रचनेचा इतिहास होय.

जॉन कारपेंटर यांच्या 'हॅलोविन' (१९७८) या चित्रपटासाठी रॉबर्ट ग्लीसन यांनी केलेल्या पोस्टरमध्ये आश्रय नाहीच. काळ्या पार्श्वभूमीवर सुरा धरलेली मूठ आहे आणि त्या मुठीचे वळसे पुढे सणाच्या कोरलेल्या भोपळ्यात मिसळून जातात. घरगुती सणाची वस्तू आणि खुनाचे हत्यार एकाच रेषेत ओवले गेले आहेत. परिचित जगाच्या पोटातूनच संकट येणार, ही चित्रपटाची कल्पना येथे एकाही माणसाच्या चेहऱ्याविना व्यक्त झाली आहे. सुमारे ३ लाख डॉलरांत तयार झालेल्या या चित्रपटात ओळखीचा मोठा तारा नव्हता. जो चेहरा विकता येत नाही तो दाखवून उपयोग नसतो; म्हणून वस्तूवर भर देणे हे व्यवहारदृष्ट्याही शहाणपणाचे होते.

'फ्रायडे द थर्टीन्थ' (१९८०) च्या ॲलेक्स एबेल यांनी चितारलेल्या पोस्टरमध्ये आश्रय प्रवेश करतो, पण आलंबनाच्या पोटात. हातात रक्ताळलेला सुरा घेतलेल्या एका मानवी आकृतीची बाह्यरेषा आहे आणि तिच्या आत चांदण्यातले रान व त्यात जमलेली तरुण मुले दिसतात. खुन्याला चेहरा नाही. बळींना आहे, पण तो लहानसा. बाह्यरेषेला चेहरा नसल्यामुळे ती पुरुषाची असणार, असे पाहणारा सहज धरून चालतो. खुनी ही एक आई आहे, हे चित्रपटातील रहस्य त्याच समजुतीवर उभे आहे. येथे पोस्टर संहितेच्या डावपेचात सामील झालेले आहे.

वेस क्रेव्हन यांच्या 'अ नाइटमेअर ऑन एल्म स्ट्रीट' (१९८४) साठी मॅथ्यू जोसेफ पीक यांनी केलेल्या चित्रात आलंबन आणि आश्रय समोरासमोर येतात. खाली अंथरुणात पडलेली, डोळे विस्फारलेली मुलगी. तिच्या वर अंधारातून उतरणारी, पात्यांची बोटे असलेली आकृती. आणि क्रेव्हन यांच्याच 'स्क्रीम' (१९९६) च्या प्रसिद्ध पोस्टरमध्ये आलंबन पूर्णतः नाहीसे होते. काळोखातून पुढे आलेला एका तरुणीचा चेहरा, त्यावरचे मोठे डोळे आणि तोंडावर दाबलेला हात. सुरा नाही, रान नाही, पुढे जगभर ओळखीचा झालेला तो पांढरा मुखवटाही नाही. उरतात ते निव्वळ अनुभाव.

चार पोस्टर्सवरून नियम सिद्ध होत नाही. या मधल्या काळातील अनेक उत्तरभागांनी मुखवटा आणि हत्यार यांचाच आधार घेतला, हेही खरे. तथापि मुठीपासून चेहऱ्यापर्यंतची ही दिशा योगायोगाची मानता येत नाही. किशोरवयीनांसाठीच्या भयकादंबऱ्यांनी ती आधीच दाखवली होती. क्रिस्टोफर पाइक यांची 'स्लंबर पार्टी' (१९८५), आर. एल. स्टाइन यांची 'फियर स्ट्रीट' मालिका (१९८९ पासून) आणि ब्रिटनमध्ये १९९१ पासून निघालेली 'पॉइंट हॉरर' ही मालिका यांचा मोठा वाचकवर्ग मुलींचा होता. या प्रकारच्या मुखपृष्ठांवर वारंवार दिसते ती भयाच्या क्षणी थबकलेली मुलगी. जिने पुस्तक हाती घ्यायचे तिच्याच वयाची. मराठीतल्या 'मुखपृष्ठ' या शब्दातला 'मुख' येथे अक्षरशः खरा होतो. भयपटाने १९९६ साली चेहरा स्वीकारला, तेव्हा त्याने या मुलींना प्रेक्षागृहात बोलावण्याची युक्ती मुखपृष्ठाकडून उसनी घेतली, असे म्हणण्यास जागा आहे.

३

आलंबनाकडून आश्रयाकडे झालेला हा प्रवास प्रथमदर्शनी स्वागतार्ह वाटतो. हत्यार दाखवणारे पोस्टर मारणाऱ्याच्या सामर्थ्याने मोहित झालेले असते. चेहरा दाखवणारे पोस्टर भिणाऱ्याच्या बाजूने उभे राहते, असे समीकरण मांडण्याचा मोह होतो. कॅरल क्लोव्हर यांच्या 'मेन, विमेन अँड चेन सॉज' (१९९२) या ग्रंथातील सिद्धांताचीही त्याला पुष्टी मिळेल असे वाटते. या चित्रपटांचा प्रेक्षक बहुतांशी तरुण मुलगा असला, तरी अखेरीस तो शेवटपर्यंत जगणाऱ्या, लढणाऱ्या मुलीशीच एकरूप होतो, असे क्लोव्हर यांचे प्रतिपादन आहे. 'अखेरची मुलगी' ही त्यांची संज्ञा आज समीक्षेच्या बाहेरही रूढ झाली आहे. मग पोस्टरवरचा चेहरा म्हणजे या एकरूपतेचेच आगाऊ निमंत्रण, असे म्हणता येईल काय?

येथे अभिनवगुप्तांनी भयानक रसाच्या विवेचनात घेतलेले उदाहरण आठवावे. 'शाकुंतला'च्या पहिल्या अंकात रथाच्या पुढे जीव घेऊन धावणाऱ्या, मान वळवून मागे पाहणाऱ्या हरिणाचे वर्णन येते. ते ऐकताना सहृदयाला जाणवणारे भय त्या हरिणाचे नसते, त्याचे स्वतःचेही नसते. शत्रू, मित्र, तटस्थ अशा कोणत्याही नात्याशी आणि स्थळकाळाशी न बांधलेले असे ते भय असते. साधारणीकरणाच्या चर्चेत हे उदाहरण सर्वपरिचित आहे. परंतु हे वर्णन नाटकात कोणाच्या तोंडी आहे, याकडे सहसा लक्ष वेधले जात नाही. ते दुष्यंताच्या तोंडी आहे. भेदरलेल्या हरिणाच्या मानेची डौलदार वळण ज्याला दिसते, तो धनुष्याला बाण लावून रथात उभा आहे. भयाचे सौंदर्य टिपणारी दृष्टी शिकाऱ्याची आहे.

नाटकात ही दृष्टी टिकत नाही. तपस्वी मध्ये येतात, हे आश्रमाचे हरीण आहे असे बजावतात आणि राजा बाण उतरवतो. संहितेला काळ असतो. म्हणून ती प्रेक्षकाला रथातून खाली उतरवू शकते. चांगल्या भयपटाचीही हीच रीत आहे. 'हॅलोविन'चा आरंभ लहान मायकेलच्या डोळ्यांनी, मुखवट्याच्या भोकांतून होतो. प्रेक्षक प्रथम शिकाऱ्याच्या जागी असतो. पुढे तो लॉरीसोबत कपाटात दडतो आणि तिच्यासोबत हाती लागेल ते शस्त्र उचलतो. क्लोव्हर यांचा सिद्धांत या स्थानांतराविषयी आहे, आणि स्थानांतराला वेळ लागतो.

पोस्टरला तो वेळ नसतो. तपस्वी येण्यापूर्वीच त्याचा अंक संपतो. 'नाइटमेअर'च्या पोस्टरवरील मुलगी अंथरुणात खिळलेली आहे. चित्रपटातील नॅन्सी जागी राहते, सापळे रचते, मारेकऱ्याला स्वप्नातून ओढून आपल्या घरात आणते, त्याला पेटवते आणि अखेर त्याच्याकडे पाठ फिरवून त्याचे बळ काढून घेते. तिचा विजय म्हणजे न पाहण्याचा, भय नाकारण्याचा विजय आहे. पोस्टर मात्र तिला कायमची पाहायला लावते. तिच्याकडे पाहता यावे, म्हणून.

'स्क्रीम'च्या बाबतीत हा विरोध अधिक टोकदार आहे. रोलां बार्थ यांनी १९६४ च्या आपल्या निबंधात जाहिरातीतील शब्द चित्राच्या अनेक अर्थांपैकी एकाला स्थिर करतो, असे दाखवले. येथे शब्द म्हणतो 'किंकाळी', आणि चित्रात तोंड झाकलेले आहे. शब्द जे मागतो ते चित्र अडवते, आणि ते पुरवण्याचे काम चित्रपटगृहावर सोपवले जाते. जाहिरात म्हणून ही रचना निर्दोष आहे. पण याच चित्रपटात आवाजाचे राजकारण केंद्रस्थानी आहे. मारेकरी दूरध्वनीवरून, आवाज बदलणाऱ्या यंत्राच्या साहाय्याने छळ करतो. आणि शेवटी सिडनी तोच दूरध्वनी, तोच आवाज आणि तोच वेश हस्तगत करून मारेकऱ्यांवर उलटते. ज्या चित्रपटाची नायिका आवाज मिळवते, त्याच्या पोस्टरवर मुलीचे तोंड बंद आहे. ही विसंगती अपघाती नाही. बंद तोंडामुळेच चेहरा उपभोगाला मोकळा होतो. किंकाळीने विद्रूप झालेला चेहरा सुंदर राहत नाही. भय दिसावे, पण त्याने रूपाला बाधा येऊ नये, ही त्या रचनेची अट आहे.

यावरून क्लोव्हर यांचा सिद्धांत चुकीचा ठरत नाही. त्याची मर्यादा मात्र स्पष्ट होते. तो तिकीट काढून शेवटपर्यंत बसलेल्या प्रेक्षकाविषयी आहे. पोस्टर पाहणाऱ्यांचा समुदाय त्याहून फार मोठा असतो, आणि त्यातील बहुतेकांपर्यंत अखेरची मुलगी पोचतच नाही. त्यांच्यापुरती ती अंथरुणातच राहते.

४

पोस्टर पाहणारे पण आत न जाणारे कोण, हा प्रश्न या प्रकारात विशेष महत्त्वाचा ठरतो. वर उल्लेखिलेल्या सर्व चित्रपटांना अमेरिकेत 'आर' हे वर्गीकरण मिळाले होते. म्हणजे १७ वर्षांखालील मुलांना पालकांशिवाय प्रवेश नाही. पात्रे शाळेतील, विषय शाळेतला, सजावट शाळेच्या वयाला भावणारी, आणि दारावर त्याच वयाला अटकाव. सप्टेंबर २००० मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने हिंसक करमणुकीच्या विक्रीवर जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यात हिंसेमुळे 'आर' ठरलेल्या व तपासणीसाठी निवडलेल्या ४४ चित्रपटांपैकी ३५ चित्रपटांची जाहिरात १७ वर्षांखालील मुलांना उद्देशून झाल्याचे नोंदवले आहे. अटकाव आणि आमंत्रण ही एकाच व्यवसायाची दोन हातांची कामे होती.

अशा स्थितीत पोस्टर आणि वेष्टन हीच निषिद्ध संहितेची उपलब्ध आवृत्ती बनते. १९८० च्या दशकात व्हिडिओ दुकानांच्या फळ्यांवर कॅसेटची वेष्टने कोणालाही हाताळता येत. जी कॅसेट घरी नेता येत नाही तिचे वेष्टन उलटसुलट वाचून आतला चित्रपट मनात रचणे, ही एक वाचनक्रियाच होती. समाजाने केलेले निवाडेही पुष्कळदा या बाह्यरूपावरच झाले. ब्रिटनमध्ये १९८२ साली व्हिडिओवर आलेल्या एबल फेरारा यांच्या 'द ड्रिलर किलर' (१९७९) च्या जाहिरातीवर आणि वेष्टनावर माणसाच्या कपाळात शिरणारे ड्रिल छापले होते. त्यावरून उठलेल्या तक्रारी व वृत्तपत्रीय मोहीम यांचा शेवट १९८४ च्या व्हिडिओ रेकॉर्डिंग्ज कायद्यात झाला. त्याच वर्षी अमेरिकेत 'सायलेंट नाइट, डेडली नाइट' या चित्रपटाच्या जाहिरातीत धुराड्यात उतरणाऱ्या सांताक्लॉजच्या हाती कुऱ्हाड दिसली. संतापलेल्या पालकांच्या निदर्शनांनंतर वितरकांना चित्रपट मागे घ्यावा लागला. दोन्ही प्रसंगी विरोधकांपैकी अनेकांनी वाचली होती ती उंबरठ्याची संहिता. त्यांना अडाणी म्हणून बाजूला सारणे सोपे आहे. पण पोस्टर स्वतंत्र अर्थ सांगते हे त्यांना उमगले होते, आणि समीक्षेला अजून पुरते उमगलेले नाही.

५

'स्क्रीम'च्या यशानंतर एकट्या चेहऱ्याची जागा चेहऱ्यांच्या जमावाने घेतली. 'आय नो व्हॉट यू डिड लास्ट समर' (१९९७), 'स्क्रीम २' (१९९७), 'अर्बन लेजेंड' (१९९८), 'द फॅकल्टी' (१९९८) यांच्या पोस्टर्सवर तरुण नटनट्यांचे चेहरे निळसर-काळ्या पोकळीत एकमेकांलगत मांडलेले दिसतात. त्यांतील जेनिफर लव्ह हेविट, सारा मिशेल गेलर यांसारखे अनेक चेहरे दूरचित्रवाणी मालिकांनी घरोघर पोचवलेले होते. १९७८ साली जे उपलब्ध नव्हते ते आता होते : दाखवून विकता येण्याजोगे चेहरे. या मांडणीतून अनुभावही ओसरतात. चेहरे भ्यालेले नसतात. ते गंभीर, किंचित उद्धट आणि निर्दोष प्रकाशात न्हालेले असतात. भयपटाची खूण उरते ती शीर्षकाच्या अक्षरांत आणि पार्श्वभूमीच्या अंधारात.

ही मांडणी निकृष्ट म्हणून हिणवली गेली आहे. तिच्यात सरधोपटपणा आहे हे मान्य. परंतु तिची स्वतःची एक युक्तीही आहे. 'स्क्रीम'च्या प्रसिद्धीत ड्रू बॅरीमोर अग्रभागी होत्या आणि चित्रपटाच्या पहिल्याच प्रसंगात त्यांच्या पात्राचा खून झाला. त्या प्रसंगात मारेकरी तिला 'फ्रायडे द थर्टीन्थ'मधील खुनी कोण असे विचारतो आणि ती उत्तरभागांतल्या जेसनचे नाव घेऊन फसते. पोस्टर्स आणि कीर्ती यांवरून चित्रपट ओळखल्याचा दावा करणाऱ्या पिढीला मिळालेली ही शिक्षाच म्हणावी लागेल. पोस्टरवरील अग्रस्थान जगण्याची हमी देत नाही, हा धडा एकदा मिळाल्यावर पुढच्या प्रत्येक जमावातील प्रत्येक चेहरा संशयास्पद झाला. यातला कोण मरेल, कोण मारील, हा खेळ पोस्टरपाशीच सुरू होतो.

या जमावात पाहणाऱ्यालाही जागा दिलेली असते. ते मित्रमंडळ आहे, आणि किशोरवयात मंडळाबाहेर राहण्याइतके भयावह दुसरे काही नसते. पोस्टरवरील शब्दांचे मोलही अशा वेळी वाढते. 'आय नो व्हॉट...' च्या जाहिरातीतील 'स्क्रीमच्या निर्मात्याकडून' अशा अर्थाच्या ओळीविरुद्ध 'स्क्रीम'च्या मिरामॅक्स या कंपनीने न्यूयॉर्कच्या न्यायालयात दाद मागितली. पटकथाकार केव्हिन विल्यमसन दोन्हींकडे समान होते, पण वाचणाऱ्याचा समज दिग्दर्शक क्रेव्हन यांच्याविषयी होईल, हा आक्षेप न्यायालयाने १९९८ साली ग्राह्य मानून त्या ओळीला तात्पुरती मनाई केली. त्या चित्रपटाचा खरा उगम लोइस डंकन यांच्या १९७३ च्या कादंबरीत होता. वाद मात्र कोणत्या पोस्टरची पुण्याई कोणाला, यावर झाला.

एकविसाव्या शतकात या परंपरेला नवे वळण मिळाले. नेटफ्लिक्सने २०१७ च्या अखेरीस आपली पद्धत जाहीर केली : एकाच चित्रपटासाठी अनेक चित्रे तयार ठेवायची आणि प्रेक्षकाच्या पूर्वीच्या निवडीवरून त्याला त्यातले एक दाखवायचे. त्याच संस्थेने २०२१ साली 'फियर स्ट्रीट'ची चित्रपटत्रयी प्रदर्शित केली. भिंतीवरचे पोस्टर सर्वांसाठी एक होते, म्हणून त्याविरुद्ध पालकांना निदर्शने करता आली, न्यायालयात त्याचा शब्द तपासता आला, आणि समीक्षकालाही ते संहितेसमोर ठेवून वाचता आले. प्रत्येकाला वेगळे चित्र दिसू लागले की हा सार्वजनिक पुरावाच विरळ होतो. शिकाऱ्याचा रथ ज्याच्या त्याच्या दारात उभा राहतो, आणि तपस्व्यांनी थांबायचे कुठे, हे ठरेनासे होते.

म्हणूनच पोस्टर आणि मुखपृष्ठ यांचे वाचन हा समीक्षेचा फावल्या वेळचा उद्योग मानून चालणार नाही. किशोरवयीनांच्या भयपटांपुरते बोलायचे, तर संहितेने मुलीला दिलेले बळ उंबरठ्याने काढून घेतलेले आहे, आणि हे दोन्ही एकाच व्यवसायाने, एकाच वेळी केलेले आहे. केवळ चित्रपट वाचणाऱ्याला त्यात मुक्ती दिसेल, केवळ पोस्टर वाचणाऱ्याला शोषण. दोन्ही एकत्र वाचले तरच लक्षात येते की त्या व्यवसायाला दोहोंची गरज होती : आत येणाऱ्याला लढणारी मुलगी हवी होती, आणि त्याला आत आणण्यासाठी भेदरलेली.